अवघड सुडोकू अडला? आकडा भरायची घाई नको, आधी खोडायला शिका

बेळगाव : आमच्या भागातल्या वाचनालयात सकाळी पेपर टेबलावर पडले की पहिली ओढाताण राजकारणाच्या पानासाठी नसते, सुडोकूच्या पानासाठी असते. पेपरवर पेन्सिल लावायची नाही, हा तिथला नियम. त्यामुळे बँकेतून निवृत्त झालेले एक काका जुन्या डायरीत पट्टीने चौकट आखून आकडे उतरवून घेतात आणि खिडकीजवळच्या बाकावर बसून सोडवतात. कित्येक वर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यात मात्र काकांची डायरी दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाले, "आता होईना बघ. सोपं असलं तर सुटतंय, अवघड आलं की अडतंय. डोकंच चालेना झालंय म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी डायरी मागून घेतली. पानं खोडरबराने फाटायला आलेली. एखाद्या घरात ४ की ७ असा पेच पडला की काका ४ लिहून पुढे जायचे. पंधरा-वीस घरं भरल्यावर एकाच ओळीत दोन ६ यायचे. मग सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून. डोकं चांगलं चालत होतं. पद्धत चुकत होती.

मी कॉमर्सवाला. आम्हाला शिकवलं होतं, की तेरीज, म्हणजे आजचा ट्रायल बॅलन्स, जुळत नसेल तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकता येते. पत्रक जुळतं, पण चूक आत तशीच राहते. सुडोकूतला अंदाज हा असाच. त्या क्षणी पुढे गेल्यासारखं वाटतं, चूक मात्र वीस घरं उलटल्यावर डोकं वर काढते. आणि पेपरात येणारा सुडोकू, कितीही अवघड असला तरी, सहसा अंदाज न करता सुटतो. त्यासाठी लागणाऱ्या चार-सहा पद्धती काकांना सांगितल्या, त्याच इथे देतो.

कोडं आलं कुठून?

नाव जपानी असलं तरी आजच्या रूपातलं कोडं पहिल्यांदा छापलं गेलं अमेरिकेत, १९७९ साली, डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात. ते हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुविशारदाने तयार केलं असं मानलं जातं. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशनाने ते उचललं आणि पुढे 'सुडोकू' हे नाव रूढ झालं. मूळ लांबलचक जपानी वाक्याचं हे छोटं रूप. अर्थ साधारण असा, की आकडा एकटाच असला पाहिजे. १९९७ मध्ये वेन गूल्ड हे हाँगकाँगमधून निवृत्त झालेले न्यायाधीश टोकियोतल्या एका पुस्तकाच्या दुकानात या कोड्यावर अडकले. त्यांनी ते तयार करणारा संगणक प्रोग्रॅम लिहिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये सुडोकू सुरू झाला. तिथून तो जगभरच्या पेपरांत गेला.

आपल्याकडच्या फार लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे सुडोकूची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये आपल्या शेजारी गोव्यात झाली होती. ती अमेरिकेच्या थॉमस स्नायडर यांनी जिंकली. पुढे २०१७ मध्ये हीच स्पर्धा बेंगळुरूला भरली.

आधी भाषा ठरवून घेऊ

आडवी ती ओळ, उभा तो रकाना, तीन बाय तीनचा तो चौकोन आणि आकडा लिहायची जागा म्हणजे घर. घराचा पत्ता असा : ४-६ म्हणजे वरून चौथी ओळ, डावीकडून सहावा रकाना. प्रत्येक ओळीत, रकान्यात आणि चौकोनात १ ते ९ एकेकदाच. एवढाच नियम.

दोन घरं एकाच ओळीत, रकान्यात किंवा चौकोनात असली तर ती एकमेकांना 'बघतात' असं म्हणू. एकमेकांना बघणाऱ्या घरांत एकच आकडा येऊ शकत नाही.

सोपा सुडोकू नुसता बघत बघत सुटतो. अवघडला कागदावर खुणा कराव्याच लागतात. प्रत्येक रिकाम्या घरात तिथे येऊ शकणारे सगळे आकडे बारीक अक्षरात लिहायचे. त्यांना आपण खुणा म्हणू. हे काम कंटाळवाणं आहे, दहा मिनिटं जातात. पण ते टाळलं तर पुढचं काहीच जमत नाही. एक खूण लिहायची राहिली तरी पुढचं गणित चुकतं, म्हणून लिहून झाल्यावर एकदा तपासा. आणि पक्का आकडा भरला की त्या ओळीतली, रकान्यातली, चौकोनातली तीच खूण लगेच खोडा.

इथे काकांची सवय मोडावी लागली. ते प्रत्येक घराला विचारायचे, "इथे काय येतंय?" अवघड सुडोकूत या प्रश्नाला बराच वेळ उत्तरच नसतं. विचारायचं ते असं : "इथे काय येऊ शकत नाही, आणि का?" पुढच्या सगळ्या पद्धती खुणा खोडण्याच्या आहेत. आकडा आपोआप उरतो.

पहिली पायरी : जोड्या

समजा चौथ्या ओळीत पाच घरं रिकामी आहेत आणि १, ३, ५, ७, ९ यायचे आहेत. खुणा अशा :

४-१ : ३, ७
४-३ : १, ३, ५
४-५ : ३, ७
४-६ : ३, ७, ९
४-८ : १, ५, ७, ९

४-१ आणि ४-५ या दोन्ही घरांत ३ आणि ७ एवढेच. एकात ३ आला तर दुसऱ्यात ७, किंवा उलट. कुठला कुठे ते आत्ता माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. हे दोन आकडे या दोन घरांनी अडवले, एवढं पुरे. मग बाकीच्या घरांतून ३ आणि ७ खोडा. ४-६ मध्ये नुसता ९ उरला. आकडा मिळाला. ४-८ मधला ९ गेला, आणि ४-३ व ४-८ मध्ये १ आणि ५ ची नवी जोडी तयार झाली. ही उघडी जोडी.

लपलेली जोडी याच्या उलट. एका चौकोनात पाच घरं रिकामी आहेत आणि खुणा अशा : पहिल्यात १, २, ४, ६, दुसऱ्यात १, २, ८, तिसऱ्यात ४, ६, चौथ्यात ६, ८, पाचव्यात ४, ८. जोडी चटकन दिसत नाही. पण आकड्यांच्या बाजूने बघा. १ कुठे येऊ शकतो? फक्त पहिल्या दोन घरांत. २ कुठे? त्याच दोन घरांत. म्हणजे ती दोन घरं १ आणि २ यांनी भरली. तिथून ४, ६, ८ खोडून टाका.

याच उदाहरणात उरलेली तीन घरं बघा : ४-६, ६-८, ४-८ अशा खुणा. तीन घरं, तीन आकडे. हे उघडं त्रिकूट. तिन्ही आकडे तिन्ही घरांत असायलाच हवेत असं नाही, इथे बरेच जण फसतात. तीन घरांत मिळून तीनच वेगळे आकडे असले की झालं.

दुसरी पायरी : चौकोन आणि ओळ यांचा करार

डाव्या वरच्या चौकोनात ५ फक्त १-१ आणि १-३ या घरांत येऊ शकतो असं समजा. दोन्ही घरं पहिल्या ओळीत. ५ कुठल्याही घरात पडला तरी पहिल्या ओळीचा ५ याच चौकोनात संपला. म्हणून १-४ पासून १-९ पर्यंत जिथे ५ ची खूण असेल ती खोडा.

हेच उलट बाजूनेही चालतं. सातव्या ओळीत २ फक्त ७-४ आणि ७-६ मध्ये येऊ शकतो. दोन्ही घरं खालच्या मधल्या चौकोनातली. मग त्या चौकोनातल्या आठव्या आणि नवव्या ओळीच्या घरांतून २ जातो.

पेपरातले 'अवघड' शिक्का मारलेले बरेचसे सुडोकू एवढ्या दोन पायऱ्यांत सुटतात. काकांचेही बरेच इथेच सुटले. पण रविवारचा अडायचा.

तिसरी पायरी : एक्स-विंग

आता एकच आकडा धरून सगळं जाळं बघायचं. समजा ७ धरला. दुसऱ्या ओळीत ७ फक्त २-३ आणि २-८ मध्ये येऊ शकतो. सहाव्या ओळीत तो फक्त ६-३ आणि ६-८ मध्ये. चार घरांचा आयत झाला.

शक्यता दोनच. २-३ मध्ये ७ आला तर ६-३ मध्ये येणार नाही, म्हणून ६-८ मध्ये येईल. किंवा २-८ मध्ये आला तर ६-३ मध्ये. तिरपी रेघ मारली की इंग्रजी एक्ससारखी फुली दिसते, म्हणून हे नाव. काहीही झालं तरी तिसऱ्या आणि आठव्या रकान्याचा ७ या चार घरांतच पडणार. मग त्या दोन रकान्यांतल्या बाकी सगळ्या घरांतून ७ ची खूण खोडा.

अट कडक आहे. दोन्ही ओळींत त्या आकड्याला नेमकी दोनच घरं हवीत, आणि ती त्याच दोन रकान्यांत हवीत. एका ओळीत तिसरी खूण असली की एक्स-विंग नाही. रकान्यांकडून सुरुवात केली तर खुणा ओळींतून खोडायच्या.

याचाच मोठा भाऊ स्वोर्डफिश. तिथे तीन ओळी आणि तीन रकाने. उदाहरणार्थ ४ हा आकडा पहिल्या ओळीत १-२ आणि १-६ मध्ये, पाचव्या ओळीत ५-६ आणि ५-९ मध्ये, नवव्या ओळीत ९-२ आणि ९-९ मध्येच येऊ शकतो. तीन ओळींचे तीन ४ हे दुसरा, सहावा आणि नववा या तीन रकान्यांत एकेक वाटले जाणार. म्हणून या तीन रकान्यांतल्या बाकी घरांतून ४ गेला. शोधायला वेळ लागतो, पण तर्क तोच.

चौथी पायरी : वाय-विंग

काकांना सगळ्यात जास्त आवडली ती ही. मोबाईलच्या ॲपमध्ये हिला एक्सवाय-विंग किंवा नुसतं वाय-विंग म्हणतात. यासाठी दोनच खुणा असलेली तीन घरं लागतात.

मधलं घर ५-५ : खुणा २, ६
पहिला पंख ५-१ : खुणा २, ९
दुसरा पंख २-५ : खुणा ६, ९

मधलं घर दोन्ही पंखांना बघतं. एकाला ओळीतून, दुसऱ्याला रकान्यातून. मधल्या घरात २ आला तर ५-१ मध्ये ९ येणारच. मधल्या घरात ६ आला तर २-५ मध्ये ९ येणारच. तिसरी शक्यता नाही. म्हणजे दोन पंखांपैकी एकात ९ नक्की.

आता २-१ हे घर बघा. ते दुसऱ्या ओळीतून २-५ ला बघतं आणि पहिल्या रकान्यातून ५-१ ला. दोघांपैकी एकात ९ असणारच, तर २-१ मध्ये ९ कसा येईल? खोडा.

काका यावर म्हणाले, "अरे, हे तर जामिनासारखं झालं. कर्जदारानं नाही भरलं तर जामीनदारानं भरायचं. बँकेचं काय अडत नाही." बँकेतला माणूस, त्याला तेच दिसणार. पण उपमा बरोबर आहे. मधल्या घरात काय पडणार हे न कळताही निकाल पक्का लागतो.

पाचवी पायरी : दोन रंग

घरात दोन रंगीत पेन्सिली असतील तर ही पद्धत सोपी. एक आकडा धरा, समजा ८. जिथे जिथे एखाद्या ओळीत, रकान्यात किंवा चौकोनात ८ ला नेमकी दोनच घरं आहेत, तिथे एक खरं तर दुसरं खोटं, असं पक्कं नातं असतं. अशी नाती जोडत जायचं आणि आळीपाळीने निळा-लाल रंग द्यायचा.

पहिल्या ओळीत ८ फक्त १-२ आणि १-७ मध्ये. १-२ निळं, १-७ लाल. सातव्या रकान्यात ८ फक्त १-७ आणि ८-७ मध्ये. म्हणून ८-७ निळं. खालच्या उजव्या चौकोनात ८ फक्त ८-७ आणि ९-९ मध्ये. म्हणून ९-९ लाल. आता एकतर सगळे निळे खरे, नाहीतर सगळे लाल. ९-२ हे घर रकान्यातून निळ्या १-२ ला बघतं आणि ओळीतून लाल ९-९ ला. दोघांपैकी एक खरं आहेच. म्हणून ९-२ मधून ८ खोडा.

आणखी एक फायदा. रंग देता देता एकाच रंगाची दोन घरं एकाच ओळीत, रकान्यात किंवा चौकोनात आली, तर तो रंगच खोटा. त्या रंगाच्या सगळ्या घरांतून आकडा जातो आणि दुसऱ्या रंगाच्या सगळ्या घरांत तो पक्का होतो.

एकच उत्तर असतं, त्याचाही उपयोग

नीट तयार केलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं. या अटीवरूनही खूण खोडता येते. ४-१, ४-४ आणि ५-१ या तीन घरांत ३, ८ एवढ्याच खुणा आहेत आणि ५-४ मध्ये ३, ६, ८. ही चार घरं दोन ओळी, दोन रकाने आणि दोनच चौकोनांत बसतात. ५-४ मध्ये ६ आला नाही तर चारही घरांत ३ आणि ८ उरतील. त्यांची अदलाबदल केली तरी नियम मोडणार नाही, म्हणजे उत्तरं दोन होतील. ते चालत नाही. म्हणून ५-४ मध्ये ६ पक्का. चौकोन दोनच असायला हवेत, हे विसरू नका. चार घरं चार चौकोनांत असली तर हा तर्क लागू होत नाही.

काही जाणकारांना ही पद्धत पटत नाही. कोड्याला एकच उत्तर आहे हे आपण सिद्ध केलेलं नसतं, नुसतं मानलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. नेहमीच्या पेपरातल्या कोड्याला ती वापरायला हरकत नाही. फॉरवर्ड होत आलेल्या, कुणी बनवलं ते ठाऊक नसलेल्या कोड्याला मात्र जपून.

अवघड कशाला म्हणायचं?

आकडे कमी दिलेत म्हणजे कोडं अवघड, असा समज आहे. तो खरा नाही. डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवून दिलं, की एकच उत्तर असलेल्या सुडोकूत किमान १७ आकडे दिलेले असावेच लागतात, १६ वर भागत नाही. पण १७ आकड्यांचे कितीतरी सुडोकू सरळ सुटतात, आणि २५ दिलेला एखादा दिवसभर घाम काढतो. अवघडपणा ठरतो तो कुठली पायरी वापरावी लागते यावर. फिनलंडचे आर्तो इंकाला यांचं २०१२ मधलं कोडं जगातलं सर्वांत कठीण म्हणून गाजलं. अशा कोड्यांत वर दिलेल्या पद्धती पुरत नाहीत, 'हे खरं धरलं तर ते खोटं' अशा लांबच लांब साखळ्या लावाव्या लागतात. ते वेगळं जग आहे. रविवारच्या पुरवणीला त्याची गरज पडत नाही.

सुडोकू सोडवला की म्हातारपणी विसराळूपणा येत नाही, असे मेसेज फिरत असतात. तसं सिद्ध झालेलं नाही. सोडवायचा तो आनंदासाठी. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा : सुडोकू अडला म्हणजे डोकं गेलं, असंही नाही.

सराव कसा करावा

सगळ्या पद्धती एकदम शिकू नका. आठवडाभर नुसत्या जोड्या शोधा. त्या डोळ्यांना सवयीच्या झाल्या की चौकोन-ओळ, मग एक्स-विंग. कोड्यात अडलात की खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. एक खूण खोडली की कुठेतरी नवी जोडी तयार झालेली असते. एक्स-विंग शोधताना १ पासून ९ पर्यंत एकेक आकडा क्रमाने घ्या. वाय-विंगसाठी आधी दोनच खुणा असलेल्या घरांना गोल करा. आणि अगदीच काही दिसेना तर पान मिटून चहा प्या, पण अंदाज करू नका.

काकांनी यात स्वतःची एक भर घातली. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरण लिहायचं असतं, तसं ते आता प्रत्येक खोडलेल्या खुणेचं कारण डायरीच्या समासात लिहितात. '७ गेला, ओळ २ व ६' असं. कारण लिहिता आलं नाही तर खूण खोडायची नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे चूक झालीच तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, समास वाचत मागे गेलं की चुकलेली नोंद सापडते.

मागच्या रविवारी वाचनालयात गेलो तर काका बाकावर होते. तीन घरं राहिली होती. मी वाकून बघायला लागलो तर डायरीवर हात आडवा ठेवला. "सांगू नकोस," म्हणाले. "थांब, ताळा लागतोय."